कडेच्या माणसाचा चेहरा

कोकणातल्या घरांत भिंतीवर हार घातलेला आजीचा जो फोटो दिसतो, तो पुष्कळदा तिचा एकटीचा काढलेला नसतो. कुणाच्या तरी लग्नातल्या नाहीतर मुंजीतल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा उचलून, मोठा करून, मागचं सगळं पुसून तो तयार केलेला असतो. नीट पाहिलं की खूण सापडते. खांद्याशी दुसऱ्याच कुणाच्या पदराचा काठ राहून गेलेला असतो, किंवा आजीची नजर समोर नसते, शेजारच्या मांडीवरच्या नातवाकडे वळलेली असते. पेणच्या किंवा रोह्याच्या कुठल्याही स्टुडिओत थोडा वेळ बसलं तर हे काम किती येतं ते कळतं. घरातलं माणूस गेलेलं असतं, दहाव्याच्या आत फोटो हवा असतो, आणि मोबाइलमधला ग्रुप फोटो पुढे करून कुणीतरी म्हणतं, ‘ही कडेची. हिचा मोठा करून द्या.’

बहुतेक वेळा ती कडेचीच असते, आणि तिचा चेहरा मोठा केला की त्यात चेहरा उरत नाही.

ग्रुप फोटो कसा काढावा याबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. मधल्या खुर्चीवर बसलेले आजोबा, नवरा-नवरी, सत्कारमूर्ती यांचे चेहरे कसेही येतात, कारण त्यांचे वेगळे फोटोही असतात. ज्यांचा वेगळा फोटो कधी कुणी काढत नाही, त्यांच्यासाठी ग्रुप फोटो हीच एक जागा असते. विधवा आत्या, स्वयंपाकघरातून शेवटच्या क्षणी हात पुसत आलेली काकू, ‘मी इथेच बरा’ म्हणत दाराच्या चौकटीला टेकलेला धाकटा काका. हे सगळे कडेला उभे राहतात. आणि आजचा कॅमेरा, विशेषतः मोबाइलचा, नेमका कडेच्या माणसावर सर्वांत जास्त अन्याय करतो. हा निव्वळ भूमितीचा भाग आहे.

मोबाइलची मुख्य लेन्स जुन्या ३५ मिलिमीटर रोलच्या हिशेबाने साधारण २४ ते २६ मिलिमीटरची, म्हणजे रुंद कोनाची असते. दहा-अकरा फुटांवरून तिच्यात साडेचार मीटर रुंदीची रांग मावते, म्हणून सगळे तिथूनच फोटो काढतात. पण अशा लेन्समध्ये चौकटीच्या कडेला असलेला चेहरा मधल्या चेहऱ्यापेक्षा जवळजवळ एक पंचमांशाने रुंद होतो. गाल ताणले जातात, डोकं बाहेरच्या अंगाला ओढल्यासारखं दिसतं. मग काकू म्हणते, ‘माझा फोटो कधी चांगला येतच नाही,’ आणि पुढच्या वेळी आणखी मागे सरते. तोच फोटो ‘दोन एक्स’वर, म्हणजे ५० मिलिमीटरच्या आसपास काढला तर कडेचा ताण पाच-सहा टक्क्यांवर येतो आणि डोळ्यांना जाणवतही नाही. फक्त वीस-एकवीस फुटांवर जावं लागतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तेवढी जागा नसते. पेण-रोह्याच्या अंगणात असते.

दुसरा हिशेब चेहऱ्याच्या आकाराचा. माणसाचा चेहरा साधारण पंधरा सेंटिमीटर रुंद. साडेचार मीटरची रांग चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत काठोकाठ बसवली तर प्रत्येक चेहऱ्याच्या वाट्याला १३० च्या आसपास पिक्सेल येतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते, आणि चेहऱ्याला पन्नासेक उरतात. त्यातून भिंतीवर लावायचा फोटो कुठून निघणार? आता जुना हिशेब बघा. तालुक्याच्या गावच्या फोटोग्राफरकडे लाकडी कॅमेरा असायचा, त्यात हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची काच. तेवढ्याच रांगेतल्या प्रत्येक माणसाचा चेहरा त्या काचेवर साडेपाच मिलिमीटरचा उमटे. पुढे १२० चा रोल आला, अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारखे कॅमेरे घरोघरी पोचले, तेव्हा तो दोन मिलिमीटरच्याही आत गेला. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये जेमतेम सव्वा मिलिमीटर उरला. पणजोबांच्या काळच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या बाईच्या नथीतले मोती मोजता येतात आणि गेल्या वर्षीच्या गणपतीतल्या फोटोत नथ होती की नव्हती तेही सांगता येत नाही, त्याचं कारण हे आहे. जुनी माणसं जास्त हुशार होती असं नाही. त्यांची काच मोठी होती, आणि एका काचेला पैसे पडत असल्यामुळे प्रत्येक फोटोला वेळ दिला जाई.

तो वेळ द्यायची सवय फार जुनी. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मराठी माणसं तिच्यात होती. काचेला लावलेलं कोलोडियनचं रसायन ओलं असतानाच फोटो घ्यायच्या त्या काळात काचेवर प्रकाश पडायला काही सेकंद लागत, म्हणून डोकं हलू नये यासाठी माणसाच्या मागे लोखंडी आधार उभा करत. जुन्या फोटोंतला तो ताठरपणा बराचसा त्यामुळे. १८९६ साली राजा दीनदयाळ यांचा स्टुडिओ मुंबईत सुरू झाला तोवर कोरड्या काचा आल्या होत्या आणि आधाराची गरज संपली होती, पण बसण्याची शिस्त राहिली : पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे उभ्या, मुलं सतरंजीवर. त्या रचनेतल्या मानपानाबद्दल आज आपल्याला जे वाटायचं ते वाटो. एक गोष्ट मात्र त्या फोटोग्राफरांना पक्की कळलेली होती. प्रत्येक चेहरा दुसऱ्या कशानेही झाकला जाता कामा नये.

पेण आणि रोहा या दोन गावांत घर पूर्ण भरतं ते गौरी-गणपतीत. दिव्याहून सुटलेली गाडी पनवेल, आपटा, हमरापूर, पेण, नागोठणे करत रोह्याला येते आणि तिच्यातून पिशव्या, पोरं, मोदकाचे साचे उतरतात. गौरी पूजनाच्या दिवशी माहेरवाशिणी आलेल्या असतात, मुलगे रजा काढून आलेले असतात, म्हातारी माणसं हिंडतीफिरती असतात. घरटी दहा-पंधरा मोबाइल असतात, आरतीचे, मखराचे, मोदकांचे शेकडो फोटो निघतात. आणि विसर्जनानंतर बघावं तर सगळ्यांचा मिळून एकही धड फोटो नसतो. एक असतो तो पंगतीनंतरचा, डोळे पेंगुळलेले, दोघी आत भांडी आवरत असलेल्या.

गेल्या भाद्रपदात रोह्याजवळ अष्टमीत एका घरी गौरी पूजनाच्या सकाळी मी एका फोटोग्राफरबरोबर होते. साठीच्या पुढचे, चाळीसेक वर्षं याच धंद्यात. घरात अठरा माणसं. आल्याबरोबर ते माणसांकडे बघेनात, आधी अंगणात फिरून आले. पाऊस थांबला होता, आभाळ पांढरं होतं. त्यांना ते हवंच होतं, कारण ढगाळ आभाळातून उजेड सगळीकडून सारखा येतो, डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत, कुणाला डोळे किलकिले करावे लागत नाहीत. मग त्यांनी पडवीला लावलेली निळी ताडपत्री गुंडाळायला सांगितली. घरच्यांना कळेना कशाला, पाऊस परत आला तर? ‘ती राहिली तर सगळ्यांची तोंडं निळी येतील,’ ते म्हणाले. खरं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे निम्म्या घरांना ती ताडपत्री असते आणि तिच्यातून झिरपलेला उजेड चेहऱ्यावर बसतो. नंतर कॉम्प्युटरवर रंग कितीही दुरुस्त केले तरी कातडीचा मूळ वर्ण नीट परत येत नाही.

बाकडं त्यांनी पडवीच्या कडेला, पागोळीच्या जरा आत ठेवलं. उजेड समोरून, मागे घराची काळोखी दारं. आजींना बाकड्यावर न बसवता हाताची खुर्ची दिली आणि पाय टेकायला पाट. पाय लोंबकळत राहिले की म्हातारं माणूस खुर्चीत घसरतं आणि मान खाली जाते. शेजारी त्यांच्या दोन लेकी, जावई मागे. मग स्वयंपाकघरात निरोप गेला. ‘तुम्ही काढा, मी वाढायचं बघते,’ असं आतून उत्तर आलं. फोटोग्राफर दाराशी गेले आणि म्हणाले, ‘वहिनी, गॅस बंद करून या. तुम्ही आल्याशिवाय मी कॅमेरा काढत नाही.’ आणि खरंच काढला नाही. पाच-सात मिनिटं सगळे थांबले. वहिनी आल्या, पदर सारखा करत सवयीने कडेला जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांना मधल्या रांगेत आजींच्या मागे आणलं, आणि दोन्ही कडांना कॉलेजातली दोन सडपातळ, उंच मुलं उभी केली. ताण पडायचाच तर तो ज्यांच्या अंगावर दिसत नाही त्यांच्यावर पडावा. चाळीस वर्षांच्या धंद्यातून आलेलं शहाणपण आहे हे. कडेला कुणीतरी असणारच, पण ते कोण असावं हे ठरवता येतं.

मग रांगा लावणं. उंचीप्रमाणे लावतात असं आपल्याला वाटतं. त्यांनी उंचीपेक्षा फटी बघितल्या. मागच्याचं डोकं पुढच्या दोघांच्या खांद्यांमधल्या फटीत यायला हवं. प्रत्येकाला त्यांनी एकच विचारलं, ‘कॅमेरा दोन्ही डोळ्यांनी दिसतोय का?’ कॅमेरा दिसत असेल तर कॅमेऱ्यालाही तो माणूस दिसतो. कुणी समोर छाती करून उभं राहायचं नाही, प्रत्येकाने एक खांदा जरा आत वळवायचा. त्याने रांग दाट होते, चेहरे मोठे येतात आणि माणसं एकमेकांची वाटतात. चष्मेवाल्यांच्या काड्या कानावर किंचित उचलल्या, म्हणजे काचा थोड्या खाली झुकतात आणि आभाळाची चकाकी जाते. कडेची माणसं हौसेने पुढे येऊन अर्धगोल करू पाहत होती, त्यांना मागे घेतलं. अर्धगोल केला की कडेचे कॅमेऱ्याच्या जवळ येतात, मधल्यांपेक्षा मोठे दिसतात आणि अस्पष्ट व्हायची भीतीही त्यांनाच. रांग कॅमेऱ्याला समांतर हवी. लहान मुलं अगदी शेवटी बसवली, कारण त्यांचा धीर सर्वांत आधी संपतो.

कॅमेरा तिपाईवर, बसलेल्या माणसांच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर. इथे धारदार फोटोचं मर्म येतं. आजकाल लग्नाच्या फोटोत मागचं सगळं धूसर करायची फॅशन आहे. एकट्या नवरीला ते शोभतं, पण त्याच सेटिंगवर ग्रुप काढला की मागची रांग गेलीच. ५० मिलिमीटरची लेन्स, सहा मीटर अंतर आणि छिद्र एफ/१.८ एवढं उघडं असेल तर पुढेमागे मिळून जेमतेम दीड मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. सतरंजीवरच्या मुलांपासून उभ्या माणसांपर्यंत तीन रांगांची खोली तेवढीच किंवा जास्त होते. छिद्र एफ/८ पर्यंत मिटलं की पावणेचार मीटरपासून चौदा मीटरपर्यंत सगळं स्वच्छ. उजेड कमी पडतो, तर आयएसओ वाढवावा. थोडी रवाळ झालेली काकू ओळखता येते, धूसर झालेली येत नाही. शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको, लहान मुलं असतील तर १/२५० बरं. मोबाइलवर हे आकडे हाताशी नसतात, पण एक करता येतं : पोर्ट्रेट मोड बंद ठेवायचा. तो यंत्राच्या अंदाजाने मागचं पुसतो आणि त्यात मागच्या रांगेतल्यांचे कान, केस, गजरे खातो.

घरात, मखरासमोर फोटो हवा असला तर अडचण वेगळी. एलईडीच्या माळा डोळ्यांना स्थिर दिसतात, पण आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. शटर फार वेगवान ठेवलं की फोटोत आडवे काळसर पट्टे येतात. १/१०० वर ते बहुतेक जातात, पण मोठ्या ग्रुपला तेवढं शटर हळू पडतं. म्हणून मखरासमोर गणपतीचा आणि दोघा-चौघांचा फोटो घ्यावा, सगळ्यांचा अंगणातच.

आता डोळे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतले निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचं गणित मांडलं आणि २००६ साली त्याला इग नोबेल हे गमतीदार संशोधनासाठीचं पारितोषिक मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने, तितके फोटो काढा. एका तरी फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची खात्री जवळजवळ होते. अष्टमीच्या त्या घरातल्या अठरा जणांना सहा फोटो पुरायला हवेत, उजेड कमी असता तर नऊ. फोटोग्राफरांनी गणित न करता दहा काढले. दर वेळी त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तीन म्हटल्यावर उघडायला. नुकते उघडलेले डोळे लगेच मिटत नाहीत. माणसं पन्नासच्या घरात गेली की त्या गणिताप्रमाणेही आशा सोडायची.

डोळ्यांचं महत्त्व पेणमध्ये पटवून द्यावं लागत नाही. हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगते, ही कामं बरीच माणसं करतात. डोळ्यांची आखणी मात्र बसल्या जागी, श्वास रोखून, मोजके हात करतात. तोवर ती माती असते. ग्रुप फोटोत कॅमेऱ्यामागच्या माणसाने तसंच चेहऱ्यांमागून चेहरे, डोळ्यांमागून डोळे बघत रांगेवरून नजर फिरवायला हवी, आणि ती बटण दाबायच्या आधी.

खाडीकाठच्या खारेपाटातल्या हळदीला आणि लग्नाला पन्नास काय, दीडशे माणसांची भावकी असते. आगरी घरांत हळदीच्या रात्री एका रंगाच्या साड्या नेसलेल्या चाळीस-पन्नास बाया एकत्र नाचतात, तो थाट जगात कुठे नाही. पण त्यांचा फोटो निघतो तो स्टेजवर, एलईडी भिंतीच्या जांभळ्या उजेडात, दहा सेकंदांत. मागे रांग लागलेली असते आणि सूत्रसंचालक पुढच्यांची नावं पुकारत असतो. फोटोग्राफर बिचारा काय करणार? त्याला दोन तासांत शे-दोनशे गट उरकायचे असतात. करिझ्मा अल्बममध्ये तीसेक पानांवर नवरा-नवरी एकाच जागी उभी असतात आणि शेजारची माणसं बदलत राहतात. माझं स्पष्ट मत आहे की लग्नघरच्यांनी स्टेजवरच्या या रांगेला वेळ देण्यापेक्षा हळदीच्या दिवशी दुपारी चारनंतर, मांडवाबाहेर, उन्हाकडे पाठ करून, दोन्ही घरच्या जवळच्या माणसांचा एक फोटो नीट बसवून घ्यावा. त्याला अर्धा तास लागतो. ज्यांच्यासाठी एवढा खर्च केला, ती माणसं त्यात दिसतात.

रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते, आणि नोकरीनिमित्त बाहेर गेलेलं सारं गाव परत येतं. गणपतीत चुकलेला फोटो तेव्हा काढता येतो. आखातात असलेला मुलगा मात्र तेव्हाही नसतो. स्टुडिओवाले त्याचा पासपोर्टचा फोटो घेऊन त्याला भावाशेजारी बसवून देतात. पूर्वी हे कात्री आणि ब्रशने होई, आता कॉम्प्युटरवर. उजेड एका बाजूचा, चेहरा दुसऱ्या बाजूचा, तरी आईला ते चालतं. मला त्यात काही गैर वाटत नाही. मात्र मूळ फोटोही तसाच जपून ठेवावा, म्हणजे त्या दिवशी घरात कोण होतं आणि कोण नव्हतं ते पुढच्यांना कळेल. आणखी एक माणूस कायम गैरहजर असतो, तो म्हणजे फोटो काढणारा. तिपाई आणि दहा सेकंदांचा टायमर असताना घरातल्या कुणालाच बाहेर ठेवायचं कारण नाही.

राहता राहिला फोटो टिकवण्याचा प्रश्न. रायगड जिल्ह्यात पावसाची सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास. भिंतीला ओल असते, काचेच्या फ्रेममध्ये फोटो काचेला चिकटतो, अल्बमच्या प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. २६ जुलै २००५ च्या पावसात जिल्ह्यातल्या कित्येक घरांत पाणी शिरलं. भांडी धुऊन घेता आली, धान्य पुन्हा भरता आलं. चिखलात भिजून एकमेकांना चिकटलेले अल्बम टाकून द्यावे लागले, आणि त्यांच्याबरोबर ज्यांचा दुसरा फोटो नव्हता अशी माणसंही गेली. म्हणून फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची माउंट असावी, फ्रेम बाहेरच्या भिंतीला न लावता आतल्या भिंतीला लावावी, आणि मूळ फाइल दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या घरी असावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती लहान होत नाही.

येत्या भाऊबीजेचंच घ्या. बहिणी येतील, भाचरं येतील. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, जेवणाची पानं मांडायच्या आधी, अंगणात नाहीतर गच्चीवर सावलीत अर्धा तास काढा. गॅस बंद करून सगळ्यांना बाहेर बोलवा. नेहमी कडेला उभी राहणारी माणसं मध्ये घ्या. मग त्यातला एक फोटो आठ बाय बारा इंचांचा छापून घ्या आणि एका साध्या कागदावर सगळ्यांची पूर्ण नावं रांगवार, डावीकडून उजवीकडे, तारखेसह लिहून तो कागद फ्रेमच्या मागे चिकटवा. चकचकीत कागदाच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, त्याचा उठाव पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर उमटतो.